मास्तरांच्या ऑर्गनचे चार आवाज

धार संस्थानच्या बँडमध्ये मी क्लॅरिओनेट वाजवत असे. विसावं शतक तेव्हा नुकतंच लागलं होतं. आमचं घराणं मराठ्यांच्या फौजेबरोबर माळव्यात आलेलं. आजोबा पागेत होते, वडीलही पागेतच. मलाही तिथेच चिकटवायचं घरात ठरत होतं. पण बँडसाठी माणसं निवडताना मास्तरांनी माझे दात पाहिले, ओठ दाबून पाहिले आणि म्हणाले, "हा द्या मला." वडिलांना ते फारसं आवडलं नाही. घोड्यांचे दात पाहतात तसे मुलाचे पाहिले, असं ते पुढे कित्येक वर्षं सांगत.

आमचं काम ठरलेलं होतं. दसऱ्याची मिरवणूक, पाहुण्यांचं स्वागत, संध्याकाळी राजवाड्याच्या बागेत विलायती नाचाच्या चाली. पितळी वाद्यांचा दणका मोठा, त्यात आम्हा लाकडी वाद्यांचं फारसं कुणाच्या कानावर येत नसे. तरीही लाल कोट घालून रस्त्यानं चालताना मला स्वतःबद्दल फार बरं वाटायचं. देवीसागर तलावाच्या काठानं आम्ही वाजवत निघालो की पाण्यावरून आवाज परत यायचा आणि पलीकडे दुसरा बँड चाललाय असा भास व्हायचा. आज इतक्या वर्षांनी धार आठवली की मला आधी तेच आठवतं.

आमचे मास्तर गोव्याचे ख्रिस्ती. महूच्या पलटणीच्या बँडमधून ते धारला आले होते. अंगानं थोराड, मिशा पांढऱ्या, तालाची काठी कायम बुटावर आपटत असायची. पत्नी कधीच गेलेली, मूलबाळ नाही. तलावाजवळच्या लहानशा घरात एका स्वयंपाक्याबरोबर राहत. त्यांच्या मराठीत कोकणी मिसळलेली, आणि रागावले की पोर्तुगीजही. आम्ही त्यांना फक्त 'मास्तर' म्हणत असू.

चैत्रातल्या एका सकाळी तालीम चालू असताना मास्तरांच्या हातातली काठी खाली पडली. त्यांनी थांबवलं असं समजून आम्ही थांबलो. ते काही बोलेनात. तोंड हलत होतं, पण शब्द निघत नव्हता. मग उजवा पाय दुमडला आणि ते खुर्चीच्या कडेनं हळूहळू खाली बसले. लकवा होता तो.

दरबारानं त्यांची आबाळ होऊ दिली नाही. डॉक्टर येऊन जात. पावसाळा संपला की बहिणीचा मुलगा येऊन त्यांना गोव्याला नेणार, तोवर घर त्यांचंच राहणार, असं ठरलं. जीभ हळूहळू सुटली, बोलणं जड पण समजण्यासारखं झालं. उजवा हात मात्र मांडीवर पडून राहिला. बँड आता कॉर्नेटवाला चालवू लागला. सुरुवातीला सगळे मास्तरांना भेटायला गेले, पुढे गर्दी ओसरली. माझं घर त्याच वाटेवर होतं म्हणून मी जात राहिलो. माझी बायको त्यांच्यासाठी पेज करून देई. ख्रिस्ती माणसाकडे गेलेलं भांडं आईनं वेगळं ठेवलं होतं. बायको ते घासूनपुसून गुपचूप परत बाकीच्या भांड्यांत ठेवी.

ज्येष्ठात एकदा मास्तर म्हणाले, "तुझं नोटेशनचं अक्षर बरं आहे. मला एक हात पाहिजे. उजवा. देशील?"

मला वाटलं, काही अर्ज वगैरे लिहायचा असेल. त्यांनी डाव्या हातानं उशीखालून कागदांचा एक जुना जुडगा काढला. हातानं लिहिलेलं संगीत होतं, पण आमच्या कागदांसारखं एका ओळीचं नव्हे. तीन-तीन ओळी एकाखाली एक जोडलेल्या.

"वरच्या दोन हातांच्या," ते म्हणाले, "आणि ही खालची पायांची."

"पायांनी वाजवतात?"

"पळय रे, तू ऑर्गन बघितला नाहीस. आमच्या गावच्या इगर्जीत, चर्चमध्ये होता. एवढी भिंत," त्यांनी खोलीची भिंत दाखवली, "सगळी नळ्यांची. कथलाच्या, लाकडाच्या. काही माझ्या बोटाएवढ्या, काही त्या दारापेक्षा उंच. मागे माणूस भाता मारतो, आणि वारा नळ्यांत जातो. लग्नाआधी मी तो वाजवत होतो. मग पोटासाठी बँडमध्ये आलो. तेव्हापासून नाही."

ती चीज एका जर्मन ऑर्गनवाल्याची होती. तो मरूनही दीडशे वर्षं होऊन गेली होती. त्याचं नाव मास्तरांनी सांगितलं, ते मला तेव्हा उच्चारताही आलं नाही. त्यांच्या पाद्र्यानं ती उतरवून दिली होती. मास्तरांना गोव्याला परत जायच्या आधी ती एकदा ऐकायची होती. गावचा ऑर्गन आता राहिला नव्हता. वाळवीनं खाल्ला, असं भाच्यानं कळवलं होतं. आणि धारमध्ये तर असलं काही नव्हतंच.

"पण फुंक आहे," मास्तर म्हणाले. "ऑर्गन म्हणजे काय? नळीत वारा. फ्लूट नळी, ओबो नळी, तुझा क्लॅरिओनेट नळी. चार नळ्या मला पुरे. ही चीज चार आवाजांची आहे."

मी होय म्हणालो. कशाला होय म्हणतोय हे मला त्या वेळी अजिबात कळलेलं नव्हतं.

त्यांच्या घरी पायपेटी होती. डावा पाय ते भात्यावर ठेवत आणि डाव्या हातानं वाजवत. एकच हात, म्हणून एका वेळी एकच आवाज. आधी वरचा, मग त्याच्या खालचा, मग त्याच्याही खालचा. कागदावरच्या गिचमिडीतून ते एकेक आवाज उपसून काढत आणि मी तो वेगळ्या कागदावर उतरवून घेई. दुपारी बँडला सुटी असे. बाहेर उन्हात तलावावर म्हशी डुंबत, आत मास्तर थांबत थांबत वाजवत आणि माझा टाक कुरकुरत असे. स्वयंपाकी मधूनच कोकमाचं सरबत आणून ठेवी. कोकम गोव्याहून येई आणि मास्तर ते फार जपून वापरत, पण त्या कामाच्या दिवसांत त्यांनी हात सैल सोडला होता.

या चिजेची रीत मला समजायला वेळ लागला. आधी एकच आवाज लहानशी चाल म्हणतो. ती पुरी होते न होते तोच दुसरा आवाज तीच चाल वेगळ्या सुरात धरतो. पण पहिला गप्प बसत नाही, तो आपलं काहीतरी वेगळं सांगत राहतो. मग तिसरा येतो. शेवटी सगळ्यात खाली, पायांचा आवाज तीच चाल घेऊन शिरतो. मी घरी वाजवून पाही, तेव्हा बायको भाजी निवडत ऐकत बसे.

ती एकदा म्हणाली, "अहो, तुमचं हे पुरं का होत नाही? कुठेतरी जातंय असं वाटतं आणि तुम्ही थांबता."

"तिथून पुढे ओबोवाला नेतो."

"मग मला एकदा सगळं ऐकवा."

"सगळं मीही ऐकलेलं नाही," मी म्हणालो. खरंच होतं ते. मास्तर सोडले तर धारमध्ये ती चीज अख्खी कुणीच ऐकलेली नव्हती.

नुसतं उतरवून भागणार नव्हतं. क्लॅरिओनेटला लिहिलेला स्वर प्रत्यक्षात खाली वाजतो, म्हणून माझा सगळा आवाज वर चढवून लिहावा लागला. फ्लूट खालच्या सप्तकात इतका क्षीण वाजे की ओबोपुढे त्याचा मागमूस राहत नसे. मास्तर म्हणाले, सगळी चीजच उचला. म्हणून अख्खी चीज तीन स्वर वर नेली आणि मी सगळे कागद पुन्हा लिहिले. काही ठिकाणी ऑर्गनवाल्याच्या एका हातात दोन स्वर एकदम होते. त्यांतला कुठला ठेवायचा आणि कुठला सोडायचा, यावर आमचे वाद होत. सुरुवातीला मास्तर सांगत आणि मी खोडत असे. आषाढ लागेपर्यंत मी विचारू लागलो, "हा सोडला तर चालेल का?" आणि ते डोळे मिटून मनात ऐकत आणि म्हणत, "चालेल" किंवा "नाही, तो हाडाचा आहे."

फ्लूटवाला आमच्याच बँडातला होता. तापट, पण सुराला पक्का. ओबोवाला मूळचा नगारखान्यातल्या सनईवाल्यांच्या घरातला, माळवी बोलणारा. जवळच्या तिरला गावी त्याची थोडी जमीन होती. पेरणी आटपली की तो तालमीला यायचा, पायाला चिखल तसाच. ओबोची पत्ती तो स्वतः कापून बसवी, आणि पावसाळी हवेत ती फुगून सूर उतरला की तिला शिव्या देई. आम्ही तिघं मास्तरांच्या ओसरीवर बसून वाजवत असू आणि खालचा आवाज मास्तर पायपेटीवर डाव्या हातानं धरत.

पहिल्याच तालमीत दम कुठे घ्यायचा हा प्रश्न आला. ऑर्गनला दम लागत नाही, त्यामुळे लिहिणाऱ्यानं कुठे जागाच ठेवलेली नव्हती. फ्लूटवाला तर दहा-बारा मात्रांतच लाल झाला.

ओबोवाल्यानं विचारलं, "भिया, यो बाजो साँस ई नी लेवे कंई?"

"नाही घेत," मास्तर म्हणाले.

"तो म्हूँ बी नी लूँ." आणि खरोखरच त्यानं आपला सबंध आवाज न थांबता वाजवून दाखवला. गालात हवा धरून नाकानं श्वास ओढायची सनईवाल्यांची युक्ती त्याला लहानपणापासून येत होती. मास्तर डाव्या हातानं मांडीवर थापा मारत हसले. लकव्यानंतर ते मोठ्यानं हसलेले मी तेव्हाच प्रथम पाहिले.

मोठी अडचण खालच्या आवाजाची होती. पायपेटी म्हणजे काही फुंकेचं वाद्य नव्हे. आमच्या बँडात खालचे सूर होते ते पितळी. एकदा मी युफोनियमवाल्याला घेऊन गेलो. त्याने चार सूर काढले आणि मास्तरांनी हात वर केला. "पितळ नको. लाकूड पाहिजे. बसून पाहिजे."

मी घरी येऊन सांगितलं की बसून शोधायचंय. बायकोनं विचारलं, "कुठे बसून?"

"अगं, बसून नावाचं वाद्य आहे."

"बसून वाजवतात म्हणून का?"

तिला किती समजावलं तरी ती हसायची थांबेना. शेवटी मीही हसायला लागलो.

पूर्ण माळव्यात बसून एकच असल्याचं मास्तरांना ठाऊक होतं, देवासला. देवासच्या दोन गाद्या, थोरली पाती आणि धाकटी पाती. एकाच गावात दोन राजवाडे, दोन दरबार आणि दोन बँड. हे बसून धाकट्या पातीच्या बँडात होतं. श्रावणात पावसानं उघडीप दिली तेव्हा मी चार दिवसांची रजा घेतली आणि टांग्यानं इंदूरला मावशीकडे मुक्काम करून देवासला पोचलो. खालच्या आवाजाचे कागद मेणकापडात गुंडाळून बरोबर घेतले होते.

बाजारात एका दुकानदाराला विचारलं, "बसूनवाले कुठे राहतात?"

तो म्हणाला, "बसून काय करता, उभ्या उभ्याच सांगतो. कुठल्या पातीचे?"

धाकट्या म्हटल्यावर त्यानं रस्ता ओलांडायला सांगितलं. रस्त्याच्या या बाजूला एक राज्य आणि त्या बाजूला दुसरं.

बसूनवाले पन्नाशी उलटलेले, उंच, कृश गृहस्थ. जातीनं सुतार, साताऱ्याकडून आलेल्या घरातले. ओटीवर बसून बैलगाडीच्या जुवाला रंधा मारत होते. मी धारहून आलोय म्हटल्यावर त्यांनी मला 'धारकर' म्हणायला सुरुवात केली आणि शेवटपर्यंत तेच म्हणत राहिले. मी त्यांना काका म्हणू लागलो.

माझं ऐकून घेतलं आणि ते म्हणाले, "नाही जमायचं, धारकर. मला जे येतं ते तुमच्या कामाचं नाही. आमच्याकडे हे वाद्य हौसेनं आणलं. विलायतेहून पेटी आली, त्यात हेही आलं. कुणाला येईना, माझी बोटं लांब म्हणून माझ्या गळ्यात बांधलं. आजवर मी काय वाजवलं? पूं... पूं... पूं... पूं. बाकीचे पुढे गातात, मी मागून पाऊल मोजतो. बस."

मी कागद उलगडून त्यांच्यापुढे ठेवले. त्यांनी चष्मा लावला. बराच वेळ वाचत राहिले, बोटं मांडीवर हलत होती. मग एका जागेवर बोट ठेवून म्हणाले, "इथे चाल खाली आलीय."

"हो. तुमच्याकडे."

"माझ्याकडे म्हणजे? वरचे तेव्हा काय करतात?"

"ते तुमच्याभोवती वाजवतात. चाल तुमचीच."

त्यांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला आणि पुन्हा लावला. "सगळी?"

"सगळी, काका."

आतून त्यांच्या पत्नी चहा घेऊन आल्या तर ते त्यांना म्हणाले, "हे बघ, हे माझं आहे." त्या माउलीला कागदावर काय दिसणार? तरी त्या वाकून बघत राहिल्या. मग काकांनी आतून वाद्य आणलं, तुकडे जोडले आणि ती चाल वाजवली. सूर जरा भोपळ्यातून आल्यासारखा, घोगरा, पण गोड होता. रंध्याच्या भुशात बसून ते वाजवत होते आणि मला धारच्या ओसरीवरचे आमचे तीन आवाज मनात ऐकू येऊ लागले.

काकांना देवास सोडून धारला यायला परवानगी मिळेना. तेव्हा असं ठरलं की मास्तरांना गोव्याला नेताना इंदूरच्या गाडीवर बसवण्याआधी वाट वाकडी करून देवासला आणायचं आणि तिथेच वाजवायचं. काकांच्या बँडमास्तरांनी अट घातली, थोरल्या पातीच्या हद्दीत नको आणि दरबारातही नको. मिठ्या तलावाकाठी जुन्या समाध्यांच्या छत्र्या आहेत तिथे वाजवा, कुणी विचारणार नाही.

मी परत आलो आणि मास्तरांना सांगितलं. छत्रीला दगडी घुमट आहे म्हटल्यावर त्यांचा चेहरा उजळला. "घुमट असेल तर निम्मं काम झालं," ते म्हणाले.

पण भाद्रपदात आमचं एकदा बिनसलं. चिजेच्या शेवटाकडे पायांचा एक सूर आहे. ऑर्गनवाला तिथे पाय ठेवतो आणि वर हातांचं काय काय घडेपर्यंत उचलतच नाही. एवढा लांब सूर कुठल्याही फुंकणाऱ्याच्या छातीत मावणार नाही. काकांनी निरोप पाठवला होता की अर्ध्यातच दम जातो. ओबोवाल्याची नाकाची युक्ती बसूनवर चालेना, त्याला हवा फारच लागते. मी तो सूर तोडून लिहिला. दर काही मात्रांनी बसूननं सोडायचा आणि पुन्हा धरायचा.

मास्तरांनी कागद पाहिला आणि बाजूला सारला. "हा सूर तुटत नाही. हा जमिनीसारखा आहे."

"काकांचा दम पुरत नाही, मास्तर."

"मग दुसरा कुणी आण."

"माळव्यात दुसरा बसून नाही. आणि असला तरी त्यालाही छाती एकच असणार."

"ऑर्गन असा धापा टाकत नाही!" ते पोर्तुगीजमध्ये आणखी काहीतरी बोलले. बोलताना त्यांच्या तोंडातून लाळ गळली आणि ती त्यांना पुसता येईना, त्यामुळे ते आणखीच चिडले.

मीही तापलो. त्यांच्यापुढे कधी आवाज चढवला नव्हता, पण बोललो, "मास्तर, हा ऑर्गन नाही. आम्ही चार माणसं आहोत. तुम्हाला ऑर्गन पाहिजे असेल तर मी कुठून आणू?"

मी कागद गोळा करून घरी आलो. बायकोनं विचारलं तर तिच्यावरही खेकसलो. दोन दिवस मी तिकडे फिरकलो नाही. पेज ती स्वतः घेऊन गेली. नवऱ्याच्या साहेबाकडे बाईनं एकटीनं जाणं तेव्हा रीतीला सोडून होतं, पण ती गेली. परत आल्यावर म्हणाली, "ते पेटीवर काहीतरी पुन्हा पुन्हा वाजवत होते. एक सूर धरायचे, सोडायचे, आणि पुन्हा धरायचे. मला म्हणाले, त्याला पाठवून दे."

मी गेलो. त्यांनी माझा लिहिलेला कागद पुढे ओढला. डाव्या हातात टाक धरून त्यांनी त्या लांब सुरावर वाकड्यातिकड्या खुणा केल्या होत्या. बसूननं दम कुठे घ्यायचा त्या खुणा. मी केलेल्या जागा त्यांनी बदलल्या होत्या. बसून थांबेल तिथे माझा क्लॅरिओनेट खालच्या सुरात येऊन त्याला टेकू देईल अशी सोय केली होती.

"घेऊ दे दम," ते म्हणाले. "पण सगळ्यांनी एकदम नाही."

त्यानंतरच्या तालमीत ओबोवाल्यानंही मध्येमध्ये थांबून श्वास घ्यायला सुरुवात केली. मी विचारलं, तुला तर गरज नाही. तो म्हणाला, "सब साँस ले र्या, तो म्हूँ एकलो कायको मरूँ?"

आश्विन लागला आणि मास्तरांचा भाचा आला. मितभाषी, समंजस तरुण. देवासचा वळसा ऐकून तो गोंधळला, पण मामांच्या शब्दाबाहेर गेला नाही. निघायच्या दिवशी बँडमधले सगळे जमले. माझी बायको दारात उभी होती. मास्तरांनी तिला डाव्या हातानं नमस्कार केला आणि उरलेल्या कोकमांची पुरचुंडी तिच्या हातात दिली.

मास्तर, भाचा आणि आम्ही तिघं वाजवणारे इंदूरला मुक्काम करून देवासला दुपार उतरता पोचलो. पाऊस नुकताच संपलेला, तलाव काठोकाठ भरलेला. छत्रीच्या पायऱ्यांखाली परटिणी कपडे आपटत होत्या. काका आधीच येऊन बसले होते. अंगात दसऱ्याला घालायचा कोट, मांडीवर वाद्य. मास्तरांना खुर्चीसकट उचलून घुमटाखाली ठेवलं. मास्तर आणि काका एकमेकांना पहिल्यांदाच भेटत होते. काका वाकून पायाला हात लावू लागले तर मास्तर म्हणाले, "आधी वाजव बाबा, पाया मग पड."

आम्ही सूर जुळवले. मी सुरुवात केली. चाल माझ्याकडून ओबोकडे गेली, मग फ्लूट एक मात्रा आधीच घुसला आणि सगळं कोसळलं. फ्लूटवाल्यानं ओबोकडे रागानं पाहिलं, ओबोवाल्यानं माझ्याकडे. मास्तर हसत होते. "पुन्हा," ते म्हणाले.

दुसऱ्यांदा कुणी चुकलं नाही. मी, ओबो, फ्लूट, एकेक जण आला. वर घुमटात आमचे सूर एकमेकांत मिसळून पुन्हा खाली येत होते. आम्ही तिघंच आहोत असं वाटेना. आणि मग काका शिरले. माझ्या पाठीमागून, खालून, त्या घोगऱ्या गोड आवाजात तीच चाल आली, आणि इतके महिने तुकड्यातुकड्यांनी लिहिलेलं सगळं माझ्या भोवती एकदम उभं राहिलं. मला वाजवता वाजवता रडू फुटेल अशी भीती वाटली. क्लॅरिओनेटवर रडता येत नाही, ओठ सुटतात. मी नजर कागदावर ठेवली.

शेवटच्या लांब सुराला काकांनी दम घेतला, मी खालून टेकू दिला, त्यांनी पुन्हा धरला. खाली परटिणींचं आपटणं थांबलं होतं. मास्तरांचा डावा पाय छत्रीच्या फरशीवर हळूहळू सरकत होता, उजवा तसाच पडलेला.

संपल्यावर मीच विचारलं, "मास्तर?"

त्यांचे डोळे भरले होते. पण ते खोटं बोलणारे नव्हते. "ते हे नाही," ते म्हणाले. "मला आठवतं ते हे नाही." काकांचं तोंड उतरलं. मास्तर पुढे म्हणाले, "पण हे मी कधी ऐकलं नव्हतं. आणखी एकदा वाजवा."

आम्ही उन्हं कलेपर्यंत वाजवत राहिलो. एकदा त्यांनी फक्त खालचा आवाज मागितला आणि काकांनी एकट्यानं वाजवला. भाचा घाई करू लागला तेव्हा कुठे थांबलो. मास्तरांना टांग्यात बसवताना त्यांनी आम्हा चौघांचे हात एकेक करून आपल्या डाव्या हातात धरले. काकांचा जरा जास्त वेळ. इंदूरच्या रस्त्याला टांगा लागला आणि धुळीआड गेला.

ते गावी सुखरूप पोचले, असं पुढे एका गोवेकर वाजवणाऱ्याकडून कळलं. समुद्राच्या बाजूला खुर्ची टाकून बसतात, बोलणं आणखी सुधारलंय, असंही. त्यानंतर दोनेक वर्षांनी ते गेल्याचं समजलं. काका आणखी बरीच वर्षं होते. गणपतीत मी मुद्दाम देवासला जाई आणि आम्ही मिळून वाजवत असू.

मला त्या कामाची चटक लागली होती. मी आरतीच्या चाली चार आवाजांत मांडून पाहिल्या. एका वर्षी राजवाड्याच्या गणपतीपुढे वाजवल्या. एक वयस्क सरदार म्हणाले, "छान आहे, पण आरती म्हणायची कुणाबरोबर? हे चौघं चार दिशांना चाललेत." तेव्हा सगळे हसले, मीही. नव्या बँडमास्तरांनी मला पुन्हा तसलं काही करू दिलं नाही.

घरी मात्र मी करत राहिलो. संध्याकाळी दिवा लागला की मी एखादा नवा आवाज वाजवून पाही. बायको स्वयंपाकघरातून ओरडे, "हा कुणाचा?" मी सांगे, फ्लूटचा, किंवा ओबोचा. मग ती म्हणे, "आणि बसून काय करतंय?" मी खालचा आवाज तोंडानं गुणगुणे, आणि ती पोळी लाटता लाटता वरचा धरी. जमेल तितकं आम्ही पुढे जात असू, आणि कुणीतरी चुकलं की पुन्हा पहिल्यापासून.